न झालेल्या गोष्टींची पदवी

मुलगी डॉक्टर झाली की डोंबिवलीत कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही. शेजारचे काका पेढा तोंडात टाकता टाकताच गुडघ्याचा एक्स-रे पुढे करतात. सीए झाली तर सोसायटीचे हिशेब तिच्या गळ्यात पडतात. आर्किटेक्ट झाली तर गॅलरी बंद करून खोली वाढवता येईल का, हे विचारायला वरच्या मजल्यावरून माणूस येतो. जे शेजाऱ्याला फुकटात उपयोगी पडतं ते शिक्षण, अशी आपल्याकडची सरळ समजूत आहे. या समजुतीत एक पदवी काही केल्या बसत नाही, आणि नेमकी तीच घ्यायला इकडची काही मुलं शिक्षणकर्ज काढून लंडन-बाल्टिमोरला जातात. मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजे एमपीएच. त्याला 'इंटरनॅशनल', 'ग्लोबल' किंवा 'डेव्हलपमेंट' यांपैकी काही चिकटलं की घरच्यांची छाती आणि कर्जाचा हप्ता दोन्ही फुगतात. काका विचारतात, "म्हणजे डॉक्टरच ना गं?" "नाही काका." "मग पेशंट कोण तपासणार?" "कुणीच नाही. पेशंट होऊच नयेत, असा तो विषय आहे." काका एक्स-रे पुन्हा पाकिटात घालतात आणि उरलेला पेढाही खाली ठेवतात.

काकांना दोष देण्यात अर्थ नाही. बाकीच्या सगळ्या धंद्यांत काहीतरी झालेलं दाखवता येतं. पूल झाला, दात निघाला, दावा जिंकला. या धंद्यात मात्र काम जितकं चोख, तितकं दाखवायला कमी. यंदा पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ आली नाही, ही बातमी कुठल्याही वर्तमानपत्राच्या ठाणे पुरवणीत छापून येत नाही. आली असती तर पहिल्या पानावर आली असती. जो आजारी पडला आणि बरा झाला तो डॉक्टरांना दिवाळीला मिठाई नेऊन देतो. जो आजारीच पडला नाही, त्याला आपण कुणामुळे वाचलो याचा पत्ताच नसतो, त्यामुळे ती मिठाई तो स्वतःच खातो आणि पुढे मधुमेह होऊन याच विषयाच्या आकडेवारीत दाखल होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की हे न झालेल्या गोष्टींचं शास्त्र आहे, ते मोजदादीवर चालतं, आणि ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या आपल्या पट्ट्यात त्याची किंमत होत नाही, कारण आपलं सार्वजनिक जीवन नारळ, फीत आणि फ्लेक्स या तीन गोष्टींवर उभं आहे. न आलेल्या साथीपुढे नारळ फोडायचा कुठे?

या शास्त्राचा मूळपुरुष पाहिला तरी हीच अडचण दिसते. काळ आपल्या हिशेबाने सांगायचा, तर 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि 1 मे 1854 ला रूळ कल्याणला पोचले. त्याच वर्षी सप्टेंबरात लंडनच्या सोहो भागात कॉलरा उसळला होता. त्या काळच्या बहुतेक शहाण्यांच्या मते तो घाणेरड्या हवेतून पसरत होता. जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने हवेवर वाद घालत न बसता दारोदार जाऊन कोणत्या घरात किती मेले हे विचारलं, आणि मृत्यू ब्रॉड स्ट्रीटच्या एका हातपंपाभोवती गोळा झालेत हे दाखवून त्या पंपाचा दांडा काढायला लावला. झालं एवढंच. सार्वजनिक नळाची तोटी काढून नेण्याची परंपरा आपल्याकडेही आहे, फक्त तिच्यामागे संशोधन नसतं. पण स्नोच्या या कामगिरीतसुद्धा गंमत अशी, की दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरायला लागली होती. त्यामुळे दांड्यामुळे नेमके किती जीव वाचले हे छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि साथ सरल्यावर तो दांडा पुन्हा बसवण्यात आला. ज्या विषयाच्या आद्यपुरुषाला स्वतःचं श्रेय असं अर्धवट मिळालं, त्याच्या विद्यार्थ्याला लग्नाच्या बायोडेटात 'कामगिरी' या रकान्यापुढे काय लिहायचं हे सुचत नसेल तर नवल नाही.

आपल्याकडचं उदाहरण डेंग्यूचं घेऊ. जुलै-ऑगस्टात तापाचे रुग्ण वाढले की वॉर्डातून पहिली मागणी धुराची होते. संध्याकाळी धूरफवारणीचं यंत्र घरघरत गल्लीत शिरतं, पांढरा ढग उठतो, पोरं त्याच्यामागे धावतात, मोबाइलवर फोटो निघतात आणि रात्री ते सोसायटीच्या ग्रुपवर 'आपल्या पाठपुराव्याला यश' या मथळ्याखाली येतात. आता दुसरं दृश्य. सकाळी अकराला महापालिकेचा एक कर्मचारी हातात टॉर्च घेऊन बेल वाजवतो आणि म्हणतो, "ताई, फ्रिजच्या मागची ट्रे बघायची होती." दार साखळीपुरतंच उघडतं. आमच्याकडे सगळं स्वच्छ आहे, असं बाणेदार उत्तर मिळतं. तेही खोटं नसतं, कारण डेंग्यूच्या एडिस डासालाही स्वच्छच पाणी लागतं. गटारीशी त्याचं फारसं जमत नाही. तो फ्रिजची ट्रे, कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीतला टायर आणि दिवाणखान्यातली मनी प्लांटची बाटली पसंत करतो, दिवसाढवळ्या चावतो आणि फार लांब उडत नाही. म्हणजे चावणारा डास बहुधा आपल्याच सोसायटीचा सभासद असतो, फक्त मेंटेनन्स भरत नाही. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत त्याला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून घासून कोरडी ठेवली, की महापालिका ज्याला 'कोरडा दिवस' म्हणते तो पाळला जातो आणि डासांची एक पिढी जन्मालाच येत नाही. घासायचं एवढ्यासाठी, की अंडी भांड्याच्या कडेला चिकटून महिनोन् महिने कोरड्यातही तग धरू शकतात. यात धूर नाही, आवाज नाही, फोटो नाही. टॉर्चवाल्याने शंभर घरांमागे किती भांड्यांत अळ्या सापडल्या हे लिहून घेतलं की त्याचा 'ब्रेटो इंडेक्स' होतो. हा आकडा कुठल्याही ज्योतिषापेक्षा भरवशाने पुढच्या धोक्याची कल्पना देतो, पण तो विचारायला महापालिकेत मोर्चा गेल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मोर्चा जातो तो धुराच्या गाडीसाठी.

यावर कुणी म्हणेल, धूर अगदीच निरुपयोगी आहे का? तसं नाही. साथ पेटलेली असताना उडत्या, विषाणू घेऊन फिरणाऱ्या डासांना तेवढ्यापुरतं मारायला त्याचा उपयोग आहे. प्रश्न क्रमाचा आहे. धूर हे शेवटचं हत्यार आहे आणि आपण ते पहिलं मागतो, कारण ते दिसतं. हीच खोड घरातही आहे. पाण्याबद्दल शंका आली की आपण महापालिकेला प्रयोगशाळेचा अहवाल मागत नाही, आरओ बसवतो. टँकर मागवतो, बाटल्या आणतो, प्लेटलेट कमी झाल्या तर पपईच्या पानांचा रस काढतो आणि ड्रॅगन फ्रूट कुठे स्वस्त मिळतं हे एकमेकांना कळवतो. प्रत्येक फ्लॅटमध्ये एक खासगी आरोग्य खातं चालू असतं, त्याचा खर्च सार्वजनिक खात्याला लाजवेल असा असतो, आणि तरीही डास एका फ्लॅटमधून दुसऱ्यात जाताना ना-हरकत प्रमाणपत्र मागत नाही. एका बिऱ्हाडापुरतं विकत घेता येत नाही अशा आरोग्याचा अभ्यास म्हणजेच एमपीएच. ज्या समाजाने सगळं बिऱ्हाडापुरतं विकत घ्यायची सवय लावून घेतली, त्याला हा विषय परका वाटणारच.

मग त्यासाठी समुद्र ओलांडायची काय गरज, हा दुसरा आक्षेप. त्याचं सर्वांत जुनं उत्तर कल्याणचंच आहे. 31 मार्च 1865 ला कल्याणच्या जोशांकडे जन्मलेली यमुना, म्हणजे पुढची आनंदीबाई जोशी, पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळरावांबरोबर गावोगाव फिरली. कोवळ्या वयात झालेलं तिचं मूल दहा दिवसांत गेलं. एप्रिल 1883 मध्ये ती कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाली आणि 11 मार्च 1886 ला फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. वर्षभरात, 26 फेब्रुवारी 1887 ला, वयाची बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत क्षयाने ती पुण्यात वारली. तिचा गौरव आपण 'पहिली' म्हणून करतो आणि तो रास्तच आहे. पण प्रबंधासाठी तिने निवडलेला विषय त्या गौरवात हरवून जातो. फिलाडेल्फियात राहून तिने लिहिलं ते आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राबद्दल, म्हणजे घरच्याच बाळंतपणाबद्दल. सातासमुद्रापलीकडे जाऊन तिने माजघराकडे पाहिलं. घरात राहून ते पाहता आलं नसतं का? कल्याणच्या त्या काळच्या माजघरात बाळ-बाळंतीण दगावणं हे नशीब होतं. नशिबाला 'प्रश्न' म्हणायला कधी कधी दूर जावं लागतं, एवढाच परदेशी शिक्षणाचा खरा फायदा. बाकी थंडीचे कोट मुंबईतही मिळतात.

आनंदीबाईंना वेळ मिळाला नाही. पुढे ज्यांना मिळाला त्यांनी काय केलं, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि 1970 मध्ये जामखेडला जाऊन राहिलं. तिथे त्यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांच्या हाती आरोग्याचं काम दिलं. अभय आणि राणी बंग यांनीही जॉन्स हॉपकिन्समधूनच एमपीएच केलं आणि 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्यांनी तिथे पहिल्यांदा काय केलं असेल, तर मोजलं. कुठल्या गावात किती बाळं जन्मली, किती गेली, कशाने गेली. मग 39 गावांत थोडंफार शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं. 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणे तिथले नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 2011 पासून देशभरच्या आशाताईंना हेच काम घरोघर जाऊन करण्यासाठी नेमण्यात आलं. या सगळ्यात मोठं यंत्र म्हणाल तर वजनाचा काटा. वाचलेली ती मुलं आज चांगली बापई झाली असतील. आपण वाचलो हे त्यांतल्या कुणाला ठाऊक असायचं कारण नाही, त्यामुळे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ती मुलं कोपऱ्यात कुणाचा फोटो टाकत असतील तर आमदारांचा.

बरं, मोजायलाच शिकायचं तर ते इथे का नाही? बिनतोड प्रश्न आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्थेत हे शिक्षण मिळतं. तिथेच, संयुक्त राष्ट्रसंघ आणि टाटा ट्रस्टच्या साहाय्याने 1956 मध्ये सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत आशिया-आफ्रिकेतले विद्यार्थी लोकसंख्या शिकायला येतात. कल्याणच्या विद्यार्थ्याला तिथे जायचं तर सकाळच्या फास्ट लोकलने कुर्ला गाठून हार्बरने गोवंडीला उतरायचं. लोकसंख्येचं प्रात्यक्षिक कुर्ल्याच्या जिन्यावरच उरकतं, वर्गात फक्त सिद्धांत राहतो. क्षेत्र-अभ्यासाचीही वानवा नाही. 2011 च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, माणसं 1 कोटी 10 लाखांवर. त्याच जिल्ह्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमधले पोहण्याचे तलाव होते आणि कुपोषणामुळे देशभर नाव झालेले जव्हार-मोखाड्याचे पाडेही होते. ते 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्ह्यात गेले. शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बायका टँकरची वाट पाहतात. विषमता शिकायला मलावीला जाणाऱ्याने आसनगावचं तिकीट काढून पाहायला हरकत नाही. पण तिकडे पाठवणारी शिष्यवृत्ती आसनगावच्या तिकिटाला मिळत नाही, आणि आसनगावचा फोटो लिंक्डइनवर तितका खुलतही नाही. तेव्हा या आक्षेपाचं उत्तर असं, की शिक्षण कुठेही घ्या, मोजायला मात्र घराजवळचं काही घ्या. आनंदीबाईंनी प्रबंधात केलं ते हेच.

घराजवळ मोजायला नोकरी कोण देतो, हा तिसरा आक्षेप जरा जास्त झोंबणारा आहे. महापालिकेत डॉक्टरला जागा असते, परिचारिकेला असते, फवारणीवाल्याला असते. 'न झालेल्या गोष्टी मोजणारा' असं पद भरतीच्या जाहिरातीत नसतं. त्यामुळे ही मुलं बहुतेक एखाद्या परदेशी निधीच्या प्रकल्पात चिकटतात आणि वातानुकूलित खोलीत बसून तिमाही अहवाल लिहितात. 'अपेक्षित परिणाम', 'निर्देशक', 'पडताळणीचं साधन' आणि 'गृहीतकं' असे चार रकाने त्यात असतात. चौथ्या रकान्यात 'पाऊस वेळेवर पडेल' असं लिहून ठेवलं की पहिल्या रकान्याची जबाबदारी पावसावर जाते. हा दोष पदवीचा थोडा आणि गिऱ्हाइकाचा फार आहे. मोजणाऱ्या माणसाची गरज आहे असं ज्या गावाला वाटत नाही, ते गाव त्याला पगार देणार नाही, आणि पैसे जिनिव्हाहून येणार असतील तर तो जिनिव्हाला हवं तेच मोजणार.

मात्र लोकांना आकडे नकोच असतात, असं म्हणून हात झटकणाऱ्यांशी माझा वाद आहे. कोविडच्या काळात याच कल्याण-डोंबिवलीत रोज संध्याकाळी महापालिकेच्या आकड्यांची वाट पाहिली जायची. कल्याण पूर्व किती, पश्चिम किती, डोंबिवली पूर्व किती, पश्चिम किती, मांडा-टिटवाळा किती. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे लोक एकमेकांना रुग्णसंख्या विचारत. रेल्वेच्या रुळांमुळे पूर्व आणि पश्चिम यांच्यात पिढ्यानपिढ्या जी चुरस आहे, तिने त्या संकटातही मान टाकली नव्हती. पुढे केंद्राच्या स्मार्ट सिटी पुरस्कारांत कोविडमधल्या नव्या कल्पनांबद्दलचं बक्षीस कल्याण-डोंबिवलीला वाराणसीबरोबर विभागून मिळालं. म्हणजे आकडा समोर ठेवला, तो रोज ठेवला आणि आपल्या भागाचा ठेवला, तर आपली माणसं तो वाचतात. पोलिओचंही तेच. न झालेला पोलिओ कसा दाखवायचा, हा पेच लसीकरण मोहिमेने बाळाच्या डाव्या करंगळीला शाई आणि दारावर खडूची खूण करून सोडवला. ठाणे काय, कल्याण काय, स्टेशनाबाहेरच्या बूथवर रविवारी रांगा लागल्या आणि 27 मार्च 2014 ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. तर्जनीला पाच वर्षांतून एकदा लागणाऱ्या शाईपेक्षा करंगळीच्या शाईने जास्त आश्वासनं पाळली, असं म्हणायला जागा आहे.

तेव्हा मोजायला विद्यापीठात शिकावं आणि दाखवायला आपल्याकडे. दाखवण्यात आपल्याला तोड नाही. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागत यात्रा 1999 मध्ये डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने काढली आणि बघता बघता ती गावोगाव गेली. एखादी चांगली सवय इतक्या वेगाने पसरवता आली तर जागतिक आरोग्य संघटना अभ्यासगट पाठवील. या यात्रेत फ्रिजच्या ट्रेचा एक चित्ररथ निघायला काय हरकत आहे? शंभर घरांत एकही अळी न सापडलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फेटा बांधून सत्कार व्हावा. चौकात फ्लेक्स लागावा, 'प्रभागात यंदा डेंग्यूचे रुग्ण शून्य', खाली नगरसेवकांचा हात जोडलेला फोटो. यावर शेवटचा आणि सर्वांत वाजवी आक्षेप असा येईल, की फ्लेक्स लागायला लागले की शून्य फार स्वस्त होईल. ताप आला तरी तपासणी होणार नाही, तपासणी झाली तरी अहवाल शेजारच्या प्रभागात नोंदला जाईल, आणि टॉर्चवाल्याला अळ्या दिसू नयेत म्हणून टॉर्चचे सेल काढून घेतले जातील. आपली एकूण कल्पकता पाहता हे घडणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पण मग समोरचं शून्य न झालेल्या आजाराचं आहे की न केलेल्या नोंदीचं, हे ओळखणारा माणूस लागेल. त्याला तापाच्या गोळ्यांचा खप, रक्ततपासणीची संख्या आणि शाळेतली गैरहजेरी शेजारी शेजारी ठेवून खोटं शून्य पकडता यावं लागेल, आणि पकडल्यावर ते नगरसेवकांच्या तोंडावर सांगण्याची हिंमत लागेल. यातली पहिली गोष्ट शिकवणारी पदवी उपलब्ध आहे. दुसरीसाठी महापालिकेने पद निर्माण करून, ते कायमस्वरूपी ठेवून, बदलीच्या धाकापासून दूर ठेवावं. तेवढं झालं तर काकांना शेजारची मुलगी काय करते हे एका वाक्यात सांगता येईल: ती नगरसेवकांचं शून्य तपासते. एक्स-रेसाठी मात्र त्यांना महापालिकेच्या शास्त्रीनगर रुग्णालयातच जावं लागेल.